चौथीला ‘बल’ शिकवतेय: गाडी उतरणीवरून धावली, डोक्यात काही शिरलं नाही

पाटीवरची रेघ

नमस्कार. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ४२ मुलं. प्रयोगशाळा वगैरे काही नाही. एक कपाट आहे, त्यात खडू, रंग, दोऱ्याची रिळं आणि अक्षातून निखळलेला एक पृथ्वीगोल.

मागच्या वर्षी ‘बल’ शिकवताना व्याख्या फळ्यावर लिहून दिली होती. मुलांनी पाठ केली, पेपरात उतरवली आणि विसरली. यंदा ठरवलं, मुलांच्या हातांना काम द्यायचं. पुठ्ठ्याची उतरण केली, खेळण्यातल्या सहा गाड्या जमवल्या. उतरणीखाली एक पुस्तक, मग दोन, मग तीन. गाडी किती लांब जाते ते पट्टीने मोजायचं आणि तक्ता भरायचा. तासभर नुसता जल्लोष. शेजारच्या वर्गातल्या बाई काय चाललंय ते बघायला आल्या. दोन गाड्यांची चाकं निखळली, पण मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी विचारलं, “काल काय शिकलो?” एक म्हणाला, “लाल गाडी सगळ्यात फास्ट.” दुसरी म्हणाली, “उंचावरून सोडली की लांब जाते.” एकाने वहीत लिहिलं होतं: ‘बल म्हणजे गाडीत असतं ते.’ आणि एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी हात वर करून म्हणाली, “बाई, गाडी थांबली तेव्हा तिचं बल कुठं गेलं?”

मी पटकन म्हणून गेले, “संपलं.”

ती गप्प बसली, पण मला दिवसभर तो शब्द टोचत राहिला. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की मी चुकीचं सांगितलंय. नक्की काय चुकलं, हे मात्र अजूनही चौथीतल्या मुलीला समजेल अशा शब्दांत मला मांडता येत नाहीये.

तर विचारायचं हे, की कृतीतून शिकवताना मुलांना मजा येते पण गाभा निसटतो, असं तुमच्याकडे होतं का? सुरुवात कशापासून करता? आणि त्या मुलीला मी आता काय सांगू?

भिरभिरं

फुग्याचं रॉकेट करा की! खोलीभर दोरा ताणायचा, त्यात स्ट्रॉ ओवायची, फुगवलेला फुगा चिकटपट्टीने स्ट्रॉला लावायचा आणि तोंड सोडायचं. सुर्रकन जातो. मुलं आयुष्यभर विसरत नाहीत.

पाटीवरची रेघ

केलंय ते. मुलं खरंच विसरली नाहीत. कुणाचा फुगा कुणी फोडला हे अजून सांगतात. फुगा पुढे का गेला म्हणून विचारलं, तर बहुतेकांचं म्हणणं पडलं की आतली हवा मागच्या भिंतीवर आपटते म्हणून. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं होतं.

गुंडाळीफळा

ताई, “संपलं” म्हणालात म्हणून जिवाला लावून घेऊ नका. मी एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं छातीठोकपणे तेच सांगत आलो. मोठमोठी डोकीही इथेच अडखळली आहेत. वस्तू चालती ठेवायची तर कुणीतरी ती सतत ढकलत राहिली पाहिजे, असं ॲरिस्टॉटल मानायचा. पुढे लोक म्हणू लागले, फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि ते भरलेलं तिला पुढे नेतं. तुमच्या पोराने लिहिलंय ना, ‘गाडीत असतं ते’, ते हेच. त्याला शाबासकी द्या, कुणी न शिकवता त्याने विचार केलाय.

आता तुमच्या उतरणीबद्दल. उतरणीवर गाडीला खाली ओढतं कोण? पृथ्वी. सपाटीवर आल्यावर मागे खेचतं कोण? फरशी, चाकांचे आस, थोडी हवा. यातलं कुणीच मुलांना दिसत नाही. दिसतो तो फक्त वेग, मग ती वेगाबद्दलच बोलणार. उतरण हा शेवटच्या तासाचा प्रयोग आहे आणि आपण सगळेच तो पहिल्या तासाला लावतो, कारण पुठ्ठा सहज मिळतो. फुग्याचं तर बोलूच नका. भिंतच नसलेल्या ठिकाणी, अगदी निर्वात पोकळीतसुद्धा, हवा बाहेर टाकणारा फुगा पुढे जाईल. फुगा हवेला मागे ढकलतो आणि हवा फुग्याला पुढे. पण हे गळी उतरायला आधी बरंच काही उतरलेलं असावं लागतं.

माझ्या वर्गात पहिले तीन तास ‘बल’ हा शब्दच बंद असायचा. आपल्या भाषेत जोर, ताकद, शक्ती, बल, दम सगळं एकाच पोत्यात भरलेलं आहे. ‘बल’ म्हटलं की मुलांना दंड फुगवलेला पहिलवान दिसतो. पहिलवानाकडे बल असतं, मग गाडीकडेही असणारच, असा तो हिशेब. म्हणून आधी दोनच क्रियापदं: ढकलणं आणि ओढणं. आणि एक अट. वाक्यात कोणी, कोणाला आणि कुठे, हे तिन्ही आलंच पाहिजे. ‘मी दाराला बाहेर ढकललं.’ ‘चुंबकाने टाचणीला वर ओढलं.’ ‘पृथ्वीने खडूला खाली ओढलं.’ भाषेच्या तासातलं कर्ता आणि कर्म इथे आयतं कामाला येतं. एखाद्याने ‘गाडीत बल होतं’ म्हटलं की बाकीचा वर्गच ओरडायचा, “कोणी? कोणाला?” त्या साच्यात ते वाक्य बसतच नाही. मी एका शब्दानेही चूक दाखवलेली नसायची.

मग पहिला खेळ रस्सीखेच. पण जरा वाकडा. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा निवडायचा. त्याने बूट काढून नुसत्या मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर उभं राहायचं. समोर सगळ्यात बारीक चणीची मुलगी, पायात रबरी तळव्याचे बूट. आधी अंदाज. अंदाज वहीत आणि स्केचपेनने, पेन्सिल चालणार नाही. कारण उत्तर कळल्यावर मुलं आपला चुकलेला अंदाज खोडरबराने पुसतात आणि “माझा बरोबरच होता” म्हणतात. मला हे समजायला तीन वर्षं लागली. सगळा वर्ग मुलाच्या बाजूने असतो. शिट्टी वाजली की तो दांडगा गडी, फरशीवरून कपाट सरकवावं तसा, सरळ उभाच्या उभा तिच्याकडे सरकत जातो. चेहरा बघण्यासारखा असतो.

इथे घाई करायची नाही. विचारायचं, “तिला मदत कोणी केली?” बुटांनी. “बुटांना कोणी?” जरा वेळाने एखादा म्हणतो, फरशीने. “फरशीने कोणाला, कुठे ढकललं?” फरशीने बुटांना मागे ढकललं, म्हणून ती पुढे ओढली गेली नाही. घर्षण हा शब्द या जागी आणायचा, त्याआधी नाही. घर्षण म्हणजे गाडी थांबवणारा खलनायक असंच आपण शिकवतो. इथे ते त्या मुलीच्या बाजूने लढलेलं मुलांनी बघितलेलं असतं.

मग दोघांनाही बूट घालायला लावायचे आणि तोडीस तोड जोडी घ्यायची. दोरी जागची हलत नाही. “आता कोणी ओढतंय का?” अर्धा वर्ग म्हणतो नाही, कारण काहीच हलत नाहीये. दोरीवरच्या दोघांची तोंडं लालबुंद झालेली असतात, ते कळवळून ओरडतात, “आम्ही ओढतोय!” संतुलित बल यापेक्षा चांगलं मला कधीच समजावता आलं नाही. (एका टोकाला अचानक दोरी सोडायला लावू नका, आणि हाताला दोरी गुंडाळूही देऊ नका. मी एकदा उत्साहाच्या भरात “सोड” म्हणालो होतो. दोन पोरं पाठीवर, आणि मी मुख्याध्यापकांसमोर उभा.)

आता मोजण्याकडे. चौथीच्या हातात ताणकाटा दिला की ती फक्त आकडा वाचतात. त्यापेक्षा त्यांना तो बनवू द्या. बारीक रबरबँड, त्याला यू पिन वाकवून केलेला आकडा, मागे पुठ्ठ्याची कोरी पट्टी. आकड्याला कागदी पेला टांगायचा आणि त्यात एकसारखे लोखंडी वायसर एकेक करून टाकत जायचं. प्रत्येक वायसरला रबर जिथे पोचेल तिथे पट्टीवर रेघ. झाला बलमापक. एकक? वायसर! “हे पुस्तक ओढायला नऊ वायसर लागले.” न्यूटन हे एकक त्यांना पुढे कुणीतरी शिकवेलच, पण एकक म्हणजे माणसांनी आपसात ठरवलेली गोष्ट असते हे इथे फुकटात कळून जातं. एका वर्षी दोन गटांनी वेगवेगळ्या मापाचे वायसर घेतले आणि आकडे जुळेनात म्हणून जुंपली. त्या भांडणात मी अजिबात पडलो नाही. शेवटी “सगळ्यांनी एकच वायसर वापरायचा” हा ठराव त्यांनीच केला.

हा बलमापक तयार झाला की माझा सगळ्यात लाडका प्रयोग करता येतो. वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा घ्यायचा, ज्याची एक बाजू रुंद आणि एक अरुंद असेल. सगळ्या बाजूंना एकाच प्रकारचा कागद चिकटवायचा. दोरी ठोकळ्याच्या तळाजवळ बांधायची आणि टेबलावरून सावकाश, एका लयीत ओढायचं. दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, ठोकळा सुटेपर्यंत काटा जास्त चढतो आणि सुटल्यावर खाली येतो. जड कपाट हलवलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण मुलांना वाटतं त्यांचं मोजमाप चुकलं. दुसरी जास्त गमतीची. आडव्या ठोकळ्याला बारा वायसर लागले, तर अरुंद बाजूवर उभा केल्यावर किती? अंदाज: चार, पाच, सहा. कारण टेकलेली जागा कमी, तर घासणंही कमी. ओढून बघतात तर पुन्हा बाराच्या आसपास. एक-दोन इकडे तिकडे. मुलांचा विश्वास बसत नाही, पुन्हा ओढतात, पुन्हा तेच. आणि वर तसाच दुसरा ठोकळा ठेवला की मात्र जवळजवळ दुप्पट. घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, वरून पडणाऱ्या भारावर असतं, हे फ्रान्समध्ये आमाँतोंने १६९९ साली मांडलं होतं, आणि तेव्हाच्या विद्वानांनाही ते चटकन पचलं नव्हतं. मग चौथीतली पोरं का भांडणार नाहीत? शेवटी ठोकळ्याखाली गोल पेन्सिली आडव्या टाकून ओढायला सांगा. काटा जेमतेम एका वायसरवर. मग त्यांना चाकाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

४२ मुलांचं म्हणाल तर चार-पाचांचे गट, आणि सूचना सगळ्या आधी द्यायच्या. साहित्य हातात पडल्यानंतर साक्षात न्यूटन वर्गात आला तरी त्याचं कुणी ऐकणार नाही.

राहिली तुमची मुलगी. तिला उत्तर देऊ नका. तिला एवढंच विचारा: “गाडी तुझ्या हातातून सुटल्यावर तिला पुढे कोण ढकलत होतं?”

मोजपट्टी

सरांचं बरंचसं पटलं. पण मी अभियंता आहे, त्यामुळे दोन ठिकाणी हात शिवशिवले, क्षमस्व.

पहिलं, रबरबँड. स्प्रिंग जितकी ताणाल तितकं बल त्याच प्रमाणात वाढतं, हा हूकचा नियम, त्याने १६७८ साली छापला. रबर हा नियम धडपणे पाळत नाही. आधी भसकन ताणतं, मग अडून बसतं. वरून वायसर काढून घेताना ते आधीच्याच रेघेवर परत येत नाही, आणि रात्रभर टांगून ठेवलं तर सैल पडतं. स्प्रिंगचा ताणकाटाच द्यावा असं माझं मत.

दुसरं, ग्रॅम. बाजारातल्या बऱ्याच ताणकाट्यांवर ग्रॅम छापलेले असतात. मुलं ‘२०० ग्रॅम बल’ म्हणायला लागतात आणि पुढे सातवी-आठवीत वस्तुमान आणि वजन वेगळं करताना रडतात. एक न्यूटन हातात देणं सोपं आहे. साधारण १०२ ग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी जितक्या बलाने खाली ओढते, तेवढं म्हणजे एक न्यूटन. पाण्याचं एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. तेव्हा पातळ पिशवीत १०२ मिली पाणी मोजून भरा, गाठ मारा आणि प्रत्येकाच्या तळहातावर क्षणभर ठेवा. “हा एक न्यूटन.” माझ्या मुलीने ती पिशवी आठवडाभर जपली होती. आठव्या दिवशी ती दप्तरात फुटली. एक न्यूटन सगळ्या वह्यांवर पसरला.

थांबण्याबद्दल एक जोडतो. एकच उतरण, एकच उंची, एकच गोटी. सपाटीवर आधी जाड टॉवेल, मग पुठ्ठा, मग गुळगुळीत फरशी. गोटी प्रत्येक वेळी जास्त लांब जाते. प्रश्न असा विचारायचा: “सुरुवात तर तीच होती. मग टॉवेलवर लवकर का ‘संपलं’?” आणि मग: “फरशीपेक्षा गुळगुळीत काही असेल तर? त्याहूनही गुळगुळीत? काहीच घासत नसेल तर?” गॅलिलिओनेही साधारण असाच विचार केला होता. उतारावर वेग वाढतो, चढावर कमी होतो, मग ना चढ ना उतार असेल तर वाढायचं किंवा कमी व्हायचं कारणच काय? न्यूटनने १६८७ साली याला आपल्या नियमांमध्ये पहिलं स्थान दिलं.

गुंडाळीफळा

मोजपट्टी साहेब, पाण्याची पिशवी मी आजपासून चोरली.

रबराबद्दल मात्र भांडतो. मुलं पट्टीवर सेंटिमीटर मोजत नाहीत, वायसर टाकून रेघा मारतात. पाचव्या वायसरची रेघ लांब पडली आणि सहाव्याची जवळ, तरी बिघडलं काय? रेघ वायसरचीच आहे. उलट रेघा सारख्या अंतरावर पडत नाहीत हे मुलं आपणहून सांगतात, तेव्हा स्प्रिंग काढायची आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवायच्या. रात्रभर टांगलेलं रबर सैल पडतं हे खरं. एकदा सकाळी एका पोराने ते बघितलं आणि मला सांगायला आला, “सर, रबर थकलंय.” मी त्याला म्हटलं, रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पाच वायसर टाकून बघ, रेघ जुळते का. तुमच्या कारखान्यात यालाच तुम्ही काहीतरी भारदस्त नाव देत असाल.

मोजपट्टी

देतो. आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमतो. हा मुद्दा तुमचा.

दोन पिल्लांची आई

मी शिक्षिका नाही, पण घरी दोन गिनिपिग आहेत म्हणून लिहितेय.

धाकट्याला पटतच नव्हतं की टेबल पुस्तकाला वर ढकलतं. “टेबल काय ढकलणार, ते नुसतं उभं असतं.” बरोबरच आहे त्याचं! मग मी पुस्तक आधी त्याच्या तळहातावर ठेवलं. ढकलतोयस का? हो. मग जाड स्पंजवर ठेवलं, स्पंज दबला. हा ढकलतोय का? हं, परत वर यायला बघतोय. मग दोन डब्यांवर आडव्या ठेवलेल्या लवचिक फूटपट्टीवर ठेवलं, पट्टी वाकली. मग जाड फळी. वाकलेली दिसत नव्हती, पण त्याने गाल जमिनीला टेकवून एक डोळा मिटून बघितलं आणि जाहीर केलं की थोडीशी वाकलीय. मग टेबल. बराच वेळ त्याने टेबलाकडे संशयाने बघितलं. “म्हणजे हे पण वाकतं, पण सांगत नाही.” मला वाटतं त्याचं बरोबर आहे.

दुसरा खेळ पावसाळी दुपारसाठी. जमिनीवर चिकटपट्टीने काटकोनात वळणारा रस्ता आखायचा आणि टेबल टेनिसचा चेंडू स्ट्रॉने फुंकर मारत त्यावरून न्यायचा. वळणावर सगळे फसतात. डावीकडे वळायचं म्हणून डावीकडे फुंकतात, आणि चेंडू तिरका रस्त्याबाहेर जातो, कारण त्याचं पुढे जाणं चालूच असतं. आधी समोरून फुंकून त्याला थांबवावं लागतं, मग बाजूने. मोठी लगेच शिकली. धाकट्याने चेंडूला रागावून बघितलं.

मोजपट्टी

हा फुंकरीचा खेळ मस्त आहे, वर्गातही जमेल.

याच माळेतलं, साहित्य शून्य: एक जाड पुस्तक आणि त्याहून लहान कापलेला कागद. दोन्ही वेगवेगळे सोडले की कागद तरंगत राहतो, मुलं म्हणतात हलका आहे म्हणून. मग कागद पुस्तकाच्या वर सपाट ठेवून पुस्तक आडवं सोडा. दोघं एकत्र खाली. वजन तेच आहे, फक्त कागदाच्या वाटेतली हवा पुस्तकाने बाजूला केली. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदमच सोडलं होतं. तिथे हवा नाही, दोन्ही एकाच वेळी टेकले. त्याचं चित्रीकरण आहे. पण कागदाचा प्रयोग आधी आणि चित्रीकरण नंतर दाखवा, नाहीतर सगळं ‘चंद्रावर होतं तसं’ होऊन बसतं.

पाटीवरची रेघ

तीन आठवड्यांनी येतेय. उशिराबद्दल माफी, मध्ये परीक्षा होत्या.

रस्सीखेच केली. सर, तुम्ही लिहिलंत तसंच झालं, फक्त आमचा दांडगा मुलगा हरल्यावर रुसला आणि “मला पण बूट द्या” म्हणून अडून बसला. त्याला बूट दिले आणि तिला मोज्यांवर उभं केलं, तर तो एका झटक्यात जिंकला. मग दोघांनाही मोज्यांवर उभं केलं. दोघंही एकमेकांकडे सरकत आले आणि मध्ये भेटले. हे मी ठरवलेलं नव्हतं. वर्ग पाच मिनिटं हसत होता, आणि त्यानंतर “कोणी? कोणाला?” हा आमचा वर्गातला ओरडा झाला. परवा गणिताच्या तासालासुद्धा एकाने ओरडून घेतलं.

‘बल’ शब्दावर तीन तास बंदी काही मला पाळता आली नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्याच तोंडून निघाला आणि मुलांनी मला पकडलं.

वायसरचे बलमापक नऊ झाले, त्यातले दोन रबर तुटून निकामी. ठोकळ्याचा प्रयोग सात गटांचा जमला, दोन गटांना अरुंद बाजूवर आकडा बराच जास्त आला. मी आधी त्यांनाच “नीट ओढा” म्हणून दटावलं. मग त्यातल्या एकाने ठोकळा उलटा करून दाखवला: त्या बाजूचा कागद सोलला होता आणि डिंक चिकट राहिला होता. बोलती बंद माझीच झाली.

सगळंच जमलं असं नाही. फळी वाकते हे काहींना अजून मान्य नाही. आणि पाण्याच्या पिशव्यांबद्दल मला बोलायचं नाही.

आता ती मुलगी. टॉवेल, पुठ्ठा, फरशी झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन तुमचा प्रश्न विचारला. हातातून सुटल्यावर पुढे कोण ढकलत होतं? तिने बराच वेळ गोटीकडे बघितलं. मग म्हणाली, “कोणीच नाही. ती आपली चाललीच होती. फरशीने मागे ओढलं.” मी म्हटलं, मग बल कुठं गेलं? तर म्हणाली, “गेलं नाही. माझ्या हातापाशीच संपलं ना, हात सुटला तेव्हा.”

मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच थांबायला हवं होतं. पण जागेवर जाऊन बसता बसता ती वळली आणि म्हणाली, “बाई, फरशी गोटीला मागे ओढते. मग गोटी फरशीला ओढते का?”

यावेळी मी काहीच म्हणाले नाही. “सोमवारी बघू” म्हटलंय. सर, आता काय करू?

गुंडाळीफळा

दोन ताणकाटे मिळवा, स्प्रिंगचे, मोजपट्टी साहेबांना आनंद होईल असे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात अडकवा. एक त्या दांडग्याच्या हातात, दुसरा तिच्या. दोघांनी ओढायचं आणि दोघांनी एकदम आपापला काटा वाचायचा. मग त्याला म्हणा, तू एकटाच ओढ, तिने नुसतं धरून ठेवायचं. पुन्हा वाचा.

त्याआधी अंदाज. स्केचपेनने.